खासगी गाडीने एका दिवसात अजिंठा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

अजिंठा पाहायला एक दिवस पुरतो, मात्र तो दिवस सकाळी नऊला लेण्यांच्या दारात सुरू व्हायला हवा. गाडी करून जाण्याचा मुख्य फायदा हाच. एसटीने किंवा टूरच्या बसने गेलात की अकरा-साडेअकराला, सगळी गर्दी पोचते तेव्हाच तुम्हीही पोचता. पहिल्या लेण्याच्या रांगेत उभं राहून पद्मपाणीकडे, त्या प्रसिद्ध बोधिसत्त्वाच्या चित्राकडे, दोन मिनिटं पाहायचं, तेवढ्यात मागून कोणीतरी 'चला, चला' म्हणतं. गाडी तुमची असेल तर सकाळचे दोन तास तुमच्या हातात येतात. पुढचं सगळं नियोजन ते दोन तास वाचवण्यासाठी आहे.

वार आधी, तारीख नंतर

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. ही जोडी पाठच करून ठेवा, कारण दर सोमवारी लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावरून कोणी ना कोणी हिरमुसून परत जातं. मंगळवारी वेरूळ बंद असल्याने छत्रपती संभाजीनगर शहरात उतरलेले पर्यटक त्या दिवशी अजिंठ्याकडे वळतात. शनिवार-रविवार तर विचारायलाच नको. हातात निवड असेल तर बुधवार किंवा गुरुवार घ्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, म्हणून त्या दोन महिन्यांत मधला वार आणखी महत्त्वाचा.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंगाला सुखाचे. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. वाघूर नदी वाहती असते, दरीच्या टोकाचे धबधबे चालू असतात, आणि हा घोड्याच्या नालासारखा कडा भिक्षूंनी का निवडला असेल ते न सांगता कळतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळाभर, एका जागी राहायचं, तर ती जागा अशी हवी. पायऱ्या निसरड्या होतात एवढं धरून चाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळा कातळ दुपारी भट्टीसारखा तापतो. तेव्हा जायचंच असेल तर एक वाजायच्या आत खाली उतरण्याचा बेत ठेवा.

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवशी करून देतो म्हणणारे भेटतील. ऐकू नका. दोन्ही ठिकाणं शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत, आणि प्रत्येकाला एक अख्खा दिवस लागतो.

कुठून निघायचं: संभाजीनगर की जळगाव?

छत्रपती संभाजीनगरहून लेणी साधारण १०० किलोमीटर, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास. जळगावहून साधारण ६० किलोमीटर, दीड तास. हॉटेलं, गाड्या आणि गाइड संभाजीनगरला जास्त मिळतात. उलट मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर असल्यामुळे जळगावला रेल्वे भरपूर. मुंबई, नाशिक किंवा नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे जळगावला उतरायचं, स्टेशनजवळ तोंड-हात धुऊन चहा घ्यायचा आणि सरळ लेणी गाठायची, हा बेत बऱ्याच जणांना सुचतच नाही. संध्याकाळी तीच गाडी संभाजीनगरला सोडू शकते. फक्त ही एकतर्फी सोड झाली. गाडीवाला रिकाम्या परतीचे पैसे लावणारच, तेव्हा ते आधी विचारून घ्या.

घरचीच गाडी असेल तर चालकाने पहाटे उठण्याआधी नीट झोप घेतलेली असू द्या. परतीला सिल्लोडच्या अलीकडे-पलीकडे ऊस, कापूस आणि मक्याचे ट्रॅक्टर-ट्रेलर अंधारात मागचा दिवा न लावता चाललेले असतात. काळोख पडण्याआधी शहराजवळ पोचलेलं बरं.

गाडी ठरवताना

फोनवर 'अजिंठ्याला किती घेणार?' एवढंच विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं. भाडं तीन-चार गोष्टींनी बनतं. किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर (बहुतेक गाडीवाले २५० किंवा ३०० धरतात), चालकाचा भत्ता, आणि पार्किंग व टोल. तुमचा जाऊन-येऊन प्रवास २००-२१० किलोमीटरचा. म्हणजे किमान २५० धरले तरी चाळीसेक किलोमीटरचे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतात. घाटमाथ्यावरच्या व्ह्यू पॉइंटला जाणं किंवा अजिंठा गावात डोकावणं त्यातच बसतं. चालक 'ते पॅकेजमध्ये नाही साहेब' म्हणाला तर हा हिशेब पुढे करा.

शहरात फिरायचं '८ तास ८० किलोमीटर'चं पॅकेज इथे घेऊ नका. वरचे किलोमीटर आणि वरचे तास जोडत गेलं की आकडा फुगतो.

गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे परवान्याची असावी. पांढऱ्या पाटीची गाडी 'आपल्या ओळखीतली आहे, शंभर-दोनशे कमी घेतो' म्हणून गळ्यात मारली जाते. ती भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं.

सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. मजकूर साधारण असा:

'नमस्कार. येत्या बुधवारी सकाळी ६ वाजता रेल्वे स्टेशन रोडवरून अजिंठा लेणी, जाऊन-येऊन. मोठी चार माणसं, एक मूल. संध्याकाळी ६ पर्यंत परत. वाटेत घाटावरचा व्ह्यू पॉइंट. एसी गाडी, पिवळी पाटी. इंधन, भत्ता, टोल, पार्किंग सगळं धरून एकूण किती? किमान किलोमीटर किती धरता? त्यावर दर किलोमीटरला काय? गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन आदल्या संध्याकाळी पाठवा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्याच्याशी बोलणं झालं तो एक, गाडी दुसऱ्याची आणि चालक तिसराच, असं सर्रास होतं. त्यात वाईट काही नाही, पण सकाळी सहाला फोन कोणाला करायचा ते माहीत हवं. वाटेत साड्यांच्या किंवा हिमरूच्या (इथल्या विणलेल्या कापडाच्या) दुकानात थांबायचं नाही, हेही बोलून घ्या. अशा थांब्यांवर काहींना दलाली मिळते आणि तुमचा पाऊण तास जातो.

गाइड घ्यावा का?

पहिल्यांदा जाताय तर घ्या. अजिंठ्याची चित्रं आपण पुस्तकात पाहतो तशी एकेक चौकटीत नाहीत. भिंतभर पसरलेली गोष्ट कुठून सुरू होते आणि कुठे वळते ते सांगणारं कोणी नसेल तर नुसते चेहरे दिसतात. पर्यटन मंत्रालयाच्या ओळखपत्राचा गाइड घ्यायचा आणि ओळखपत्र बघायला मागायचं. त्यात कोणी रागावत नाही. मराठीत सांगाल का, किती वेळ द्याल, किती लेणी दाखवाल आणि एकूण किती घ्याल, हे चढायला लागण्याआधी ठरवा.

गाइड नको असेल तर आदल्या रात्री तीन गोष्टी तरी वाचून जा: विश्वंतर जातक, छद्दन्त जातक (जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट) आणि सिंहल या व्यापाऱ्याची कथा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच गाडीत वाचून दाखवायला लावा. विश्वंतर हा सगळं दान करून टाकणारा राजपुत्र. राज्याचा हत्ती देतो, रथ देतो, शेवटी पोटची मुलंही देऊन बसतो. दहा-बारा वर्षांची पोरं या गोष्टीवर बापाशी कडाकडा भांडतात, आणि मग सतराव्या लेण्यात तीच भिंत अगदी निरखून पाहतात.

आदल्या रात्रीची तयारी

तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. अमेरिकेतून, इंग्लंडमधून घरी आलेले भाऊ-बहीण सोबत असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असेल तर त्यांनाही भारतीयांचंच तिकीट लागतं. मात्र कार्ड बरोबर हवं. 'घरी राहिलं' म्हटल्यावर खिडकीवरचा माणूस ६०० च मागणार. पुरातत्त्व खात्याच्या पोर्टलवर तिकीट आदल्या रात्रीच काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दरीत नेटवर्कचा भरवसा धरू नये.

बॅगेत काय? माणशी लिटरभर पाणी, टोपी, सुटे पैसे, आणि असली तर दुर्बीण. दुर्बीण ऐकून लोक हसतात, पण छतावरची नक्षी आणि भिंतीच्या वरच्या पट्ट्यातले चेहरे तिच्यावाचून नीट दिसत नाहीत. पक्षी बघायची साधी दुर्बीण चालते. चित्रं असलेल्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून बंदांचे बूट टाळा. उन्हाळ्यात मोजे ठेवा, तापलेल्या फरशीवर चटके बसतात. खाऊची पिशवी उघडी नको. वानरं आहेत, आणि ती कोणाला विचारत नाहीत. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा दगड मारणं, आरडाओरडा, सिगारेट यातलं काहीच नको.

सकाळचा रस्ता

संभाजीनगरहून सहाला, फार तर सव्वासहाला गाडी हलली पाहिजे. रस्ता फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. नाश्ता सिल्लोडला करा. पोहे, मिसळ, गरम भजी सगळं मिळतं आणि वीस मिनिटांत उरकतं. पुढे थांबू नका.

नकाशात 'अजिंठा' एवढंच टाकलंत तर फोन तुम्हाला अजिंठा गावात नेऊन उभं करील. लेणी गावात नाहीत. गाव घाटमाथ्यावर, लेणी घाट उतरून पलीकडे. नकाशात 'अजिंठा लेणी' किंवा 'फर्दापूर टी-पॉइंट' टाका. गावही तसं बघण्यासारखं आहे. निजाम-उल-मुल्कने अठराव्या शतकात बांधलेला तट आणि वेशी अजून उभ्या आहेत. लेण्यांच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ साली आलेला रॉबर्ट गिल याच गावच्या बारादरीत राहिला. वर्षानुवर्षं खपून त्याने केलेल्या त्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिल पुढे भारतातच वारला, त्याची कबर भुसावळला आहे. गाव परतीच्या वाटेवर ठेवा, सकाळी नको.

टी-पॉइंटवर

खासगी गाड्यांना लेण्यांपर्यंत सोडत नाहीत. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची आणि पुढचे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. गाड्यांचा धूर चित्रांपासून लांब राहावा म्हणून हे केलेलं आहे. पार्किंगचे आणि सुविधा शुल्काचे पैसे इथे वेगळे द्यावे लागतात, बसचं तिकीट आणखी वेगळं. एसी बस आणि साधी बस, दोन्ही असतात. जी आधी सुटेल तीत बसा, चार किलोमीटरसाठी एसीची वाट कशाला बघायची?

चालकाला इथेच सांगून टाका की साधारण अडीचला परत येऊ. त्याचा फोन लागेल की नाही सांगता येत नाही. गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढा. परतीच्या शेवटच्या बसची वेळही इथेच विचारून घ्या.

पार्किंगपासून बसपर्यंत जाताना दुकानांच्या रांगांतून जावं लागतं. तिथे एखादा तरुण गोड बोलत बरोबर चालू लागेल, तुमचं नाव विचारील, हातात चमकता दगड ठेवील आणि म्हणेल, 'भेट समजा, येताना फक्त दुकानात या.' घेतलात की येताना तो नावाने हाक मारणार. नको असेल तर हसून 'नको दादा' म्हणा आणि चालत राहा. दगडांबद्दल एक खरं सांगतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडणारे हे स्फटिक, झिओलाइट आणि अपोफायलाइट, जगभरचे संग्राहक शोधत असतात आणि जळगाव परिसर त्यांसाठी नावाजलेला आहे. खडकाला चिकटलेला, फिकट हिरवा किंवा गुलाबीसर नैसर्गिक तुकडा घ्यायला हरकत नाही, घासाघीस करून. भडक जांभळा-निळा दिसला तर तो रंगवलेला असण्याची शक्यता फार.

वर: कोणतं लेणं, कोणत्या क्रमाने

बस उतरल्यावर स्वच्छतागृह आहे, तिथेच उरकून घ्या. मग तिकीट तपासणी आणि पायऱ्यांचा चढ. चढ मोठा नाही, पण दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सावकाश चढावं. वर पोचल्यावर वाट कड्याच्या कडेने बरीचशी सपाट आहे, अधूनमधून पायऱ्या लागतात. आजी-आजोबांसाठी डोली मिळते, चार माणसं उचलतात. दर खालीच ठरवायचा: जाऊन-येऊन किती, आणि कोणत्या लेण्यापर्यंत.

क्रमांक १ ते २९ आणि एक जास्तीचं धरून एकूण ३० लेणी आहेत. हे क्रमांक वाटेवरून चालताना लागतात तसे दिलेले आहेत, खोदण्याच्या क्रमाने नव्हे. सगळ्यांत जुनी लेणी मध्येच आहेत, नववं-दहावं, इसवी सनापूर्वीची. आणि ज्यांच्यासाठी जग इथे येतं ती चित्रं मुख्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली.

तिसाच्या तीस लेण्यांत शिरायचा हट्ट धरू नका. पाय दुखतात आणि काहीच लक्षात राहत नाही. पहिल्या भेटीला नऊ लेणी पुरतात: १, २, ९, १०, १६, १७, १९, २४, २६. नऊला पोचला असाल तर याच क्रमाने जा. उशीर होऊन अकरा वाजले असतील तर उलटं करा. तडक २६ पर्यंत चालत जा आणि मागे येत या, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यातली रांग तुम्ही पोचेपर्यंत ओसरलेली असेल.

पहिलं आणि दुसरं. आत गेल्या गेल्या काहीच दिसत नाही. घाई करू नका, पाच मिनिटं खांबाजवळ उभे राहा. चित्रं जपण्यासाठी उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावले की भिंती हळूहळू उघडतात. आत ठरावीक संख्येनेच सोडतात आणि वेळही मोजका देतात, म्हणून ही दोन लेणी सकाळीच. पहिल्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी, हातात निळं कमळ. उजवीकडे वज्रपाणी. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून आणि समोरून उजेड पडला की चेहऱ्यावरचा भाव बदलतो, हे गाइड दाखवतात. तो खेळ जुना असला तरी बघावा. खांबांच्या वरच्या भागात एक गंमत शोधा: चार हरणं आणि चौघांत मिळून एकच डोकं. कोणतंही धड बघा, डोकं त्याचंच वाटतं.

दुसऱ्या लेण्यात मान वर करा. छत दगडाचं असूनही वर शामियान्याचं कापड ताणल्यासारखं रंगवलेलं आहे. नंतर आतल्या उजव्या बाजूच्या छोट्या देवघरात हारितीची, मुलांचं रक्षण करणाऱ्या देवीची, मूर्ती आहे, तिच्या पायाशी खाली वाका. तिथे एक शाळा कोरली आहे. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी, त्यांच्यासमोरची पोरं अभ्यासात, आणि मागच्या बाकड्यांवरची, म्हणजे बाकडी नसली तरी मागची, आपल्याच खेळात. बहुतेक लोक पद्मपाणीचा फोटो काढून निघून जातात आणि ही वर्गखोली राहून जाते.

फोटोचं निघालंच आहे तर, फ्लॅश अजिबात नको, मोबाइलची बॅटरीही चित्रांवर मारू नका. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर रंग मुरवून केलेली नाहीत. आधी कातळावर मातीचा लेप, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. रंग वरच्या वर बसलेला आहे, म्हणून तो नाजूक. लेप जिथे तुटला आहे तिथल्या कडेला जवळून पाहा, तुसाच्या काड्या उघड्या दिसतात. लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी हे सगळं इथलं किंवा आसपासचं, राजावर्त या दगडाचा निळा रंग मात्र लांबून आणलेला. काही ठिकाणी चित्रांवर पिवळट-तपकिरी पडदा दिसेल. १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची डागडुजी करून घेतली, तेव्हा लावलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं. त्यांनी सुटणारे लेप वाचवले हेही तितकंच खरं.

नववं-दहावं. दोन्ही चैत्यगृहं, म्हणजे आत स्तूप असलेली प्रार्थनागृहं. दहाव्याच्या एका खांबावर जॉन स्मिथ याचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडलेली आहे. मद्रास सैन्यातला हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असताना त्याला पलीकडच्या कड्यावरून या लेण्याची कमान दिसली. नाव आज डोक्याच्या वर शोधावं लागतं, कारण तेव्हा आत बराच गाळ साचलेला होता आणि तो त्या गाळावर उभा होता. त्याला लेण्यांचा 'शोध' लागला म्हणतात. खालच्या खेड्यांतल्या गुराख्यांना ती माहीत नव्हती असं समजण्याचं कारण नाही. त्याचं बघून पुढे कित्येकांनी इथे नावं खरवडली. तुम्ही ती यादी वाढवू नका.

याच लेण्याच्या उजव्या भिंतीवर छद्दन्त जातकाचं, सहा सुळ्यांच्या हत्तीचं, चित्र आहे. फार पुसट. तीच गोष्ट सतराव्यात पुन्हा येते, पाचशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या हातांनी काढलेली. आधी दहाव्यातली बघून मग सतराव्यात गेलात तर एका गोष्टीची दोन वळणं समोरासमोर ठेवता येतात.

सोळावं, सतरावं. खाली नदीच्या बाजूने येणाऱ्या जुन्या वाटेवर दोन दगडी हत्ती आहेत, तिथून सोळाव्यात चढायची मूळची पायवाट. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं दिलं, त्याचा शिलालेख बाहेरच्या भिंतीवर आहे. आत डावीकडे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या पत्नीचं, सुंदरीचं, प्रसिद्ध चित्र. नवरा भिक्षू झाल्याची बातमी येते आणि ती कोसळते. झुकलेली मान आणि निर्जीव झालेली बोटं बघा. दिवसात एकाच लेण्याला सवड मिळणार असेल तर ती सतराव्याला द्या. विश्वंतर, सिंहल, छद्दन्त, सगळे इथे आहेत. बाजार, राजवाडा, जहाज, स्वयंपाक, दागिने, केशरचना, जे शोधाल ते मिळतं. इथे अर्धा तास काढा.

एकोणिसाव्याचा दर्शनी भाग बाहेरूनच नीट पाहा, आणि डाव्या बाजूचा राणीसह बसलेला नागराज चुकवू नका. चोविसावं अर्धवट आहे आणि म्हणूनच यादीत आहे. खांब पूर्ण सुटे झालेले नाहीत, छिन्नीचे घाव जागच्या जागी आहेत. छतापासून खाली उतरत लेणं कसं कोरत नेत असत, ते इथे एका नजरेत समजतं. मुलांना हे पहिल्या लेण्याच्या आधी दाखवता आलं असतं तर बरं, पण वाट तशी नाही.

सव्विसाव्यात शिरताच डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची, म्हणजे देहत्यागाची, मूर्ती, साधारण ७ मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने स्वागताला आलेले देव. शेजारीच बुद्धाला ढळवू पाहणाऱ्या 'मार' या दैत्याच्या आक्रमणाचा पट. इथे पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात, तर खांबाशी टेकून पाणी प्या आणि मग बघा.

जेवण आणि व्ह्यू पॉइंट

सगळं नीट पाहायला साडेतीन-चार तास लागतात. दीडच्या सुमारास खाली यायचं. जेवण लेण्यांच्या पायथ्याशी किंवा टी-पॉइंटवर. ठीकठाक, थाळीची अपेक्षा माफक ठेवा. जळगावकडून आला असाल आणि हिवाळा असेल तर पोट राखून ठेवा, परतल्यावर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते, आणि त्या भरितासमोर बाकी जेवणाची चर्चा नको.

संपूर्ण नाल एका नजरेत बघायचा तर समोरच्या कड्यावर जायला हवं. लेण्यांकडून पूल ओलांडून पायवाट आहे. जवळच्या ठिकाणापर्यंत थोडंच चालावं लागतं, पण स्मिथला जिथून कमान दिसली त्या माथ्यापर्यंत चांगला चढ आहे आणि पावसात तो टाळावा. गाडी असल्याचा दुसरा फायदा इथे होतो. परतताना घाट चढून वर आलात की माथ्यावरून गाडीने त्या टोकाला जाता येतं. तीन-साडेतीनला तिथे असाल अशा बेताने निघा, फोटोही तिथूनच काढा. कठड्यापलीकडे सेल्फीसाठी उतरू नका, तिथला मुरूम सुटा आहे.

हिशेब मिटवताना

गाडी सुटताना आणि परत आल्यावर किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढून ठेवलेला असला की वाद होत नाही. पार्किंगच्या पावत्या चालकाकडून मागून घ्या. चालक सकाळी पाचला उठलेला असतो. त्याने दुपारी जेवण केलं की नाही ते विचारा, बहुतेक वेळा तो तुमच्या परत येण्याकडे डोळे लावून तसाच बसलेला असतो. भत्ता ठरल्यापेक्षा थोडा जास्त, त्याच्याच हातात द्यावा. गाडीमालकाच्या खात्यावर पाठवला तर त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.